हातची किंमत

'लिलाव' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला, हे आपण कोशात वाचतो आणि पुढे जातो. त्या पोर्तुगीज शब्दामागेही अरबी मूळ असल्याचे व्युत्पत्तिकार सांगतात, आणि त्या मुळाचा अर्थ 'जाहीर करणे, कळवणे' असा होतो. मराठवाड्यातली जुनी माणसे लिलावाला 'हर्रास' म्हणत. निजामी राजवटीतल्या कचेरीच्या भाषेने तो शब्द इथे रुळवला. शब्द कोणताही घेतला तरी त्यात एक उघडेपणा गृहीत आहे. वस्तू चारचौघांत मांडायची, बोली चारचौघांत बोलायची आणि ज्याची बोली शेवटची त्याच्या हाती वस्तू द्यायची. या उघड्या व्यवहारात एक गोष्ट मात्र अनेकदा झाकलेली असते, आणि संग्राहकांचा सगळा राग त्या एका गोष्टीवर असतो. ती म्हणजे राखीव किंमत, म्हणजेच ज्या आकड्याखाली मालक वस्तू विकणार नाही तो आकडा.

महसूल खात्याच्या मराठीत या आकड्याला 'हातची किंमत' म्हणतात. गोदाकाठच्या वाळूघाटांच्या लिलावाच्या बातम्या वाचणाऱ्या बीडच्या वाचकाला हा शब्द परका नाही. 'राखीव किंमत' हा इंग्रजीवरून बेतलेला शब्द आहे. 'हातची किंमत' मात्र आपल्या बोलण्यातून आलेली वाटते. हातचे राखून बोलणारा माणूस आपल्या परिचयाचा असतो. तो खोटे बोलत नाही, पण सगळेही सांगत नाही. संग्राहकाला लिलावाच्या दालनात नेमका हाच माणूस समोर बसल्यासारखा वाटतो.

त्याची तक्रार समजून घेण्याजोगी आहे. जुनी नाणी, टाकांचे संच, पहिल्या आवृत्त्या, दगडी छापाच्या पोथ्या यांचा संग्रह करणारा माणूस यादी हाती आल्यापासून अभ्यास करतो. तुलना करतो, पैशांची जुळवाजुळव करतो, रजा काढून मुंबई-पुण्याला जातो. बोली चढत जाते, त्याच्यावर येऊन थांबते, आणि वस्तू आपली झाली असे वाटण्याच्या क्षणी लिलावकर्ता ती बाजूला ठेवतो. राखीव किंमत गाठली गेली नाही, एवढेच कळते. ती किती होती, हे कळत नाही. आपण दहा हजारांनी चुकलो की दहा लाखांनी, हेही कळत नाही. विकायचेच नव्हते तर बोलावले कशाला, हा त्याचा प्रश्न असतो. त्यापुढे एक संशयही असतो: आपल्याविरुद्ध बोली चढवणारा खरोखरच कोणी दालनात होता का? जगातल्या मोठ्या लिलावगृहांच्या अटींमध्ये हे लिहिलेलेच असते की, राखीव किमतीपर्यंत पोचेतो लिलावकर्ता मालकाच्या वतीने स्वतः बोली पुकारू शकतो. म्हणजे संग्राहक काही काळ एका नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजत असतो.

आपल्याकडील कायद्याला हा धोका फार पूर्वी उमगलेला आहे. 1930 च्या मालविक्री कायद्यातले कलम 64 लिलावाविषयी आहे. विक्री राखीव किमतीला अधीन आहे असे विक्रेता जाहीर करू शकतो. बोली बोलण्याचा हक्कही तो स्वतःकडे ठेवू शकतो, पण तो स्पष्टपणे सांगून. तसे न सांगता त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावली तर ते बेकायदा ठरते. आणि किंमत फुगवण्यासाठी खोटी बोली लावली असेल तर घेणाऱ्याला व्यवहार रद्द करता येतो. राखीव किंमत ठेवण्याला या कायद्याचा विरोध नाही, विरोध लपवाछपवीला आहे. आकडा मात्र उघड केलाच पाहिजे, अशी सक्ती तो करत नाही. संग्राहकाच्या मनातली खदखद याच फटीत साठलेली आहे.

तरीही ही तक्रार पुरती निर्मळ आहे असे मला वाटत नाही. संग्राहकाचा राग केवळ गुप्ततेवर असता तर उघड राखीव किंमत त्याला आवडली असती. तशी ती आवडत नाही. 'राखीव किंमत नाही' अशी ओळ यादीत दिसली की त्याचे डोळे चमकतात. कारण त्याच्या सुखाचा मोठा भाग वस्तूत नसून घबाडात असतो. दुसऱ्या कोणाला मोल कळले नाही आणि मला कळले, या जाणिवेत असतो. वॉल्टर बेंजामिनने 1931 साली आपल्या ग्रंथसंग्रहावर लिहिलेल्या निबंधात हे फार मोकळेपणाने सांगितले आहे. एका लिलावात त्याला एक पुस्तक हवे होते. आपण बोली लावली की एक गृहस्थ हटकून ती चढवतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. म्हणून त्या पुस्तकाची वेळ आली तेव्हा तो गप्प राहिला. कोणीच बोलले नाही, पुस्तक बाजूला ठेवले गेले, आणि काही दिवसांनी त्याच विक्रेत्याकडून ते त्याने इतरांच्या अनास्थेचा लाभ घेत मिळवले. निबंध वाचताना आपण बेंजामिनच्या बाजूने असतो, त्याच्या हुशारीवर खूश होतो. ते पुस्तक ज्या घरातून आले त्या घराचा विचार निबंधात नाही आणि आपल्या मनातही येत नाही.

संग्राहकाच्या गोष्टी बहुधा घेणाऱ्याच्या बाजूनेच लिहिल्या जातात. देणाऱ्याने लिहिलेले संग्रहाचे साहित्य जवळजवळ नाही. राखीव किंमत हा देणाऱ्याला मिळालेला एकमेव संवाद आहे, आणि त्यात तो एकच शब्द बोलतो: 'नाही.' तो शब्द उच्चारता येणे किती मोलाचे असते, हे ज्यांना तो उच्चारता आला नाही त्यांच्याकडे पाहिल्यावर कळते.

नागपूरचे उदाहरण घेऊ. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर 1853 मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने 1854 मध्ये संस्थान खालसा केले. त्यानंतर राजवाड्यातली मालमत्ता लिलावात निघाली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विकले गेले. ज्या किमतीला ते गेले ती मेलेल्या जनावरांची किंमत होती, असे इंग्रज इतिहासकार के यानेच लिहून ठेवले आहे. दागिने कलकत्त्याच्या बाजारात पाठवले गेले. वाड्यातले सामान हलवू लागले तेव्हा वयोवृद्ध बांकाबाईंनी वाड्यालाच आग लावण्याची धमकी दिली. सामान हलवायचे ते हलवले गेलेच. ज्या मालकाला किंमत ठरवण्याचा अधिकार उरलेला नाही, त्याच्या हाती राहिलेली शेवटची राखीव किंमत म्हणजे ही आग. मराठी मुलखातल्या किती वस्तू अशा हर्रासांतून, युद्धातल्या लुटीच्या वाटपातून जगभरच्या संग्रहांत गेल्या असतील, याचा हिशेब लागणार नाही. पण त्यांपैकी एखाद्या वस्तूच्या खरेदीची गोष्ट सांगताना कोण्या संग्राहकाने 'राखीव किंमत नव्हती म्हणून मला मिळाली' असे म्हटले, तर त्या वाक्याचा अर्थ आपल्याला तरी कळायला हवा.

याच घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची तलवार एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या सदबीज लिलावगृहात विक्रीला आली. महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थाकरवी बोली लावून घेतली. वाहतूक, विमा इत्यादी धरून सुमारे 47.15 लाख रुपये खर्च आला आणि 18 ऑगस्ट 2025 रोजी ती मुंबईत पोचली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून अभिमानाचे मथळे आले, आणि ते योग्यच होते. तरी एक विसंगती नोंदवून ठेवण्याजोगी आहे. 1854 साली देणाऱ्याला 'नाही' म्हणता आले नव्हते. 2025 साली त्याच मुलखातले लोक घेणाऱ्याच्या खुर्चीत बसले, ती अशा दालनात जिथल्या रीतीप्रमाणे मालकाला राखीव किंमत ठेवता येते आणि ती गुप्तही ठेवता येते. राखीव किंमत हा हक्क आहे, पण तो इतिहासात सर्वांच्या वाट्याला सारखा आलेला नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बीड जिल्हा मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला मुकुंदराज आणि दासोपंतांमुळे माहीत असतो. अंबाजोगाईला दासोपंतांची (1551-1615) पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिले. ती आजही अंबाजोगाईतच जपलेली आहे, हे या जिल्ह्याचे भाग्य आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1909 साली प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची जुनी प्रत त्यांना बीडच्याच पाटांगणात मिळाली होती. ज्या प्रदेशात असे हस्तलिखित सापडते तिथे लहान-मोठ्या पोथ्या, बाडे, जमाखर्चाच्या मोडी वह्या घरोघरी असणार, यात नवल नाही. त्या होत्याही. त्यांतल्या कितीतरी वाडे पाडताना, वाटण्या होताना, मुलगा पुण्याला स्थायिक झाल्यावर घर आवरताना बाहेर पडल्या आणि रद्दीत गेल्या. 1972 च्या दुष्काळात घरांतली तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली तशीच ही कागदांची मोड. फरक इतकाच, की मोडीत दिलेल्या घंगाळाचे काय होणार हे बाईला ठाऊक होते. बाडात काय होते हे मात्र घरात कोणालाच वाचता येत नव्हते.

रद्दीचा भाव किलोवर असतो. ही हातची किंमत नसलेल्या विक्रीची सर्वांत शुद्ध अवस्था म्हणावी लागेल. इथे लिलाव नाही, यादी नाही, अंदाज नाही. एक विकणारा आणि एकच घेणारा. पुढे हीच पोथी रद्दीवाल्याकडून जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे, तिथून शहरातल्या लिलावात जाते आणि तिथे तिला राखीव किंमत लागते. म्हणजे जिच्या घरात ती तीनशे वर्षे होती त्या बाईला राखीव किंमत ठेवता आली नाही. जिच्या हातात ती तीन महिने होती त्या पेढीला ठेवता आली. शहरातला संग्राहक पेढीच्या राखीव किमतीवर रागावतो, पण त्याआधीच्या, बिनराखीव टप्प्याबद्दल तो बोलत नाही. कारण पुढच्या खेपेला तो टप्पा स्वतःच गाठायची त्याची इच्छा असते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. संग्राहक नसते तर या वस्तू उरल्या असत्या का? 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दारे, वाद्ये जमवली आणि अखेर सारा संग्रह शासनाच्या, म्हणजे लोकांच्या स्वाधीन केला. त्यांच्यासारखा माणूस न येता तर त्यातले पुष्कळसे पितळ वितळले असते आणि लाकूड चुलीत गेले असते. शिवाय राखीव किमतीचा हट्ट वस्तूला मारकही ठरतो. न विकली गेलेली पोथी परत माळ्यावर जाते, आणि वाळवी कोणाच्या हातच्या किमतीसाठी थांबत नाही. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. अर्थशास्त्रज्ञांचे प्रयोगही दुसऱ्या मुद्द्याला दुजोरा देतात: राखीव किंमत ठेवली की बोली लावणारे कमी होतात, न विकल्या जाणाऱ्या वस्तू वाढतात; विकली गेलीच तर मात्र किंमत अधिक येते.

परंतु या प्रयोगांपैकी एक विशेष उद्बोधक आहे. काटकर आणि रायली या दोन संशोधकांनी पोकेमॉनच्या पत्त्यांच्या पन्नास जोड्या आंतरजालावरच्या लिलावात विकायला काढल्या. प्रत्येक जोडीतल्या एका पत्त्याची राखीव किंमत गुप्त ठेवली, तर दुसऱ्याची तीच किंमत किमान बोली म्हणून उघड लावली. 2006 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की गुप्त आकड्याने विक्रेत्याचेच नुकसान झाले. वस्तू विकली जाण्याची शक्यता घटली, गंभीर बोली लावणारे दूर राहिले आणि अपेक्षित किंमतही उतरली. लहान मुलांच्या पत्त्यांवरून दासोपंतांच्या मुलखातल्या पोथ्यांचा न्याय करू नये हे मान्य. पण माणसाचा स्वभाव दोन्हीकडे तोच आहे. 'नाही' हा शब्द उघड उच्चारला तर समोरचा तो ऐकून घेतो. तो दडवून ठेवला तर त्याला फसवणूक वाटते. आपल्याकडे बँकांच्या जप्तीच्या लिलावाची जाहिरात पाहा. कर्जदाराच्या घराची राखीव किंमत तिथे ठळक अक्षरांत छापलेली असते, आणि कर्जदार व बँक या दोघांच्या संमतीवाचून त्याखाली विक्री होऊ शकत नाही. थकलेल्या कर्जदाराला जो उघडेपणा आणि जे संरक्षण मिळते, ते कलावस्तूंच्या लिलावात अशक्य का असावे? संग्राहकांनी राखीव किमतीविरुद्ध बोलण्याऐवजी गुप्ततेविरुद्ध बोलावे. त्यांच्या रागातला न्याय्य भाग तेवढाच आहे.

आणि संग्राहकाने एकदा स्वतःकडेही पाहावे. घेताना राखीव किमतीला नावे ठेवणारा माणूस आपला संग्रह विकायला काढतो तेव्हा चढा आकडा धरून बसतो. हा ढोंगीपणा नव्हे, मनुष्यस्वभाव आहे. काहनेमन, नेच आणि थेलर यांच्या 1990 च्या प्रसिद्ध प्रयोगात साधा कॉफीचा पेला हाती मिळालेल्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत, घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक होती. काही मिनिटांच्या मालकीने एवढा फरक पडत असेल, तर पणजोबांच्या हातच्या पोथीचे काय?

तेव्हा गावातल्या घराला राखीव किंमत कशी मिळवून द्यायची, हा खरा प्रश्न उरतो. सरकारने पोथ्यांचा भाव बांधून देणे हा मार्ग नव्हे. हमीभावाचा आपला अनुभव सांगतो, की भाव कागदावर असून भागत नाही. त्या भावाने घेणारा कोणीतरी केंद्रावर उभा लागतो. बुलो आणि क्लेम्परर या अर्थशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये मांडलेला सिद्धान्त इथे मला फार उपयोगी वाटतो. सोप्या भाषेत तो असा, की विक्रेत्याने उत्तम हिशेबाने ठरवलेल्या राखीव किमतीपेक्षाही आणखी एक बोली लावणारा येणे सर्वसाधारणपणे अधिक लाभाचे असते. आमच्या गावातल्या घरासमोर एकच बोली लावणारा उभा असतो, तराजू घेतलेला. दुसरा उभा राहिला तर चित्र बदलेल.

तो दुसरा कोण, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. तो आपण आहोत. जिल्ह्यातल्या अनेक महाविद्यालयांत मराठीचा विभाग आहे, ग्रंथालय आहे, पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, प्रकल्पांचे विषय शोधताना होणारी दमछाक आहे. मोडी वाचू शकणारी दोन माणसे तयार झाली, तरी तालुक्यातल्या एखाद्या घराला 'हे काय आहे' एवढे सांगता येईल. ते सांगणे हीच पहिली बोली. पैसा नंतरचा. पोथी आणि तलवार यांत एक मोठा भेद आहे: तलवार एकाच ठिकाणी असू शकते, पोथीतला मजकूर उतरवून घेता येतो, छायाचित्रित करता येतो. आधी मजकूर टिपावा. मग कागद घरात राहो, ग्रंथालयात येवो, की उघड राखीव किमतीसह लिलावात जावो. 2003 साली राष्ट्रीय पांडुलिपी अभियान सुरू झाले, 2025 च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी 'ज्ञान भारतम्' अभियानाची घोषणा झाली. त्यात शैक्षणिक संस्था आणि खासगी संग्राहक या दोहोंचा उल्लेख आहे. घोषणा दिल्लीत होतात, पण माळे आपल्या गावांत आहेत.

कायद्याचेही एक वाक्य घराघरांत पोचवण्याजोगे आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोल असलेले, किमान पंचाहत्तर वर्षे जुने हस्तलिखित 'पुरावस्तू' ठरते. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. ज्या वस्तूला कायदा इतके जपतो ती किलोवर जाते, याचे कारण कायद्याचा अभाव नाही. घरातल्या माणसाला 'थांबा, हे असे देणार नाही' म्हणण्यापुरते बळ कोणी दिलेले नाही, हे आहे.

संग्राहकांशी माझे भांडण नाही. त्यांच्यावाचून मराठी संशोधन पांगळे झाले असते. पुढच्या वेळी राखीव किमतीपाशी अडकून ते रित्या हाताने परततील, तेव्हा त्यांनी एवढेच आठवावे, की त्या आकड्यामागे कोणीतरी 'नाही' म्हटले आहे, आणि तो आकडा उघडपणे मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. आपल्या मुलखातल्या पुष्कळ घरांना मात्र ते 'नाही' अजून शिकायचे आहे. ते शिकवणे अभ्यासक्रमात नसले, तरी मराठीच्या शिक्षकाचेच काम आहे.